बिनखाटेचे ताट

ज्या ताटावर खाटेचा क्रमांक नाही, ते परत आणायचे नाही, माणूस शोधायचा, असा इंदुबाई बोरसे यांचा नियम होता. बोईसर स्थानकाकडून औद्योगिक वसाहतीकडे जाणाऱ्या रस्त्यावर जे साठ खाटांचे खासगी रुग्णालय आहे, त्याच्या स्वयंपाकघरात त्यांनी एकोणीस वर्षे काढली होती आणि एवढ्या काळात तेथे नियम पुष्कळ आले. काही चौकटीत बसून भिंतीवर चढले, काही परिपत्रकांतून फिरले, काहींचे नारळ फोडून उद्घाटनही झाले. पाळला गेला तो मात्र हा एकच, आणि तो कोणी लिहून ठेवलेला नव्हता.

या नियमाला कारण झाले होते जवळच्या पाम गावचे एक म्हातारे गृहस्थ. तपासणीसाठी त्यांना खाली नेले, तेथून परस्पर दुसऱ्याच कक्षात ठेवले, आणि त्यांचे ताट ‘रुग्ण खाटेवर नाही’ या शेऱ्यासह स्वयंपाकघरात परत आले. म्हातारा सकाळपासून उपाशी आहे आणि कोणाला त्रास नको म्हणून गप्प पडून आहे, हे संध्याकाळी उघडकीस आले. इंदुबाईंनी स्वतः जाऊन त्यांना पेज पाजली. दुसऱ्या दिवशी त्यांनी वाढणाऱ्या बायकांना एवढेच सांगितले की वहीत नाव आले म्हणजे माणूस आहे, आणि माणूस आहे म्हणजे त्याला भूक आहे.

इंदुबाई मूळच्या धुळ्याकडच्या. लग्न होऊन बोईसरजवळच्या सालवड गावी आल्या तेव्हा यजमान, खंडेराव, रंगाच्या कारखान्यात होते. त्याच कारखान्याच्या उपाहारगृहात इंदुबाईंनी पहिली नोकरी केली. तेथला कंत्राटदार दिवसातून चार वेळा शिव्या घाली. चुलीचा धूर जसा डोळ्यांत जातो तशा त्या शिव्या कानांत जायच्याच, तो कामाचाच भाग, अशी इंदुबाईंची पक्की समजूत होती. नऊ वर्षे त्यांनी ती समजूत बाळगली. त्या नऊ वर्षांत ‘जेवलीस का’ असे त्यांना एकानेही विचारले नाही, ही गोष्ट मात्र त्यांच्या लक्षात राहिली. शिव्या विसरल्या, हे विसरले नाही.

आता रुग्णालयाची रीत सांगणे भाग आहे. दुपारी दोनला परिचारिकांची पाळी बदलते. जाणारी सिस्टर येणाऱ्या सिस्टरला एकेका रुग्णाची हकीकत सांगते. याला त्या ‘ओव्हर देणे’ म्हणतात. ही हकीकत एका जाड वहीत उतरते. वहीची पाने छापील क्रमांकांची, पान फाडायची सोय नाही, आणि प्रत्येक नोंदीखाली दोघींच्या सह्या. शस्त्रक्रियेमुळे वा तपासणीमुळे ज्यांचे दुपारचे जेवण हुकले असेल, त्यांची नावे याच वहीवरून स्वयंपाकघरात येत आणि तीन वाजता त्यांची उशिराची ताटे निघत.

त्या दिवशी ओव्हर देत होत्या जमना सिस्टर. किनाऱ्यावरच्या, पन्नाशीच्या, आवाज असा की वादळात होडीवरच्या माणसाला ऐकू जावा. लिहून घेत होती मोनाली, नोकरीचा तिसरा दिवस असलेली. तिला बजावलेले होते की वरिष्ठ बोलतील तो शब्द न् शब्द उतरवायचा. जमना सिस्टरनी अकरा रुग्ण सांगितले आणि शेवटी, वहीसाठी नव्हे तर मनातले म्हणून, म्हणाल्या की वैभवीकडे जरा लक्ष ठेव, सकाळपासून पोटात काही नाही, रडून डोळे सुजलेत. मोनालीने बाराव्या ओळीत लिहिले: ‘वैभवी, स्त्री, वय अंदाजे २३. सकाळपासून जेवण नाही. डोळ्यांना सूज. लक्ष ठेवणे.’ खाटेच्या रकान्यात तिने प्रामाणिकपणे आडवी रेघ ओढली.

तीन वाजता यादी स्वयंपाकघरात आली. इंदुबाईंनी शेवटचे नाव वाचले, रेघ पाहिली, आणि स्वतः ताट उचलले. डोळ्यांना सूज म्हणजे मीठ बेताने, या हिशेबाने त्यांनी मऊ भात, मुगाचे वरण आणि दुधी घेतला होता. स्त्री कक्ष, प्रसूती, सगळीकडे विचारून झाले. वैभवी नावाची रुग्ण कोणाच्याच माहितीत नव्हती. एकाने सांगितले, वैभवी नावाची एक सिस्टर आहे, शस्त्रक्रिया कक्षात असते, पण तिचे ताट कशाला निघेल? इंदुबाई म्हणाल्या, ते वहीला विचारा, आणि पुढे चालल्या.

धुतलेल्या चादरींच्या खोलीत, दोन गठ्ठ्यांच्या मध्ये, ती सापडली.

“वैभवी तूच का गं?”

मुलगी दचकून उभी राहिली.

“बस, बस. खाट नाय म्हणून किती फिरवलंस मला. धर.”

“मावशी, मी पेशंट नाही.”

“वहीत हायेस. जेवण नाय, डोळे सुजलेत. खोटं हाय का?”

ते खोटे नव्हते. वैभवीने ताटाकडे पाहिले, मग इंदुबाईंकडे, आणि तिला हसू फुटले. हसता हसता रडली आणि रडता रडता वरणभात संपवला. कोणत्या शाळेत हा उपचार शिकवतात ठाऊक नाही. लागू मात्र पडला.

वैभवी पालघरजवळच्या माहीमची. आई मासळी सुकवून विकणारी, वडील दुसऱ्याच्या बोटीवर. घरातली पहिली शिकलेली मुलगी. तिची अडचण एकाच नावाची होती: डॉ. इंद्रजीत. आठवड्यातून चार दिवस शस्त्रक्रियेसाठी येणारे, हाताने कुशल, तोंडाने अनावर. त्यांच्यामागे रुग्ण येत, म्हणून त्यांच्यापुढे कोणी बोलत नसे. त्या सकाळी त्यांनी मागितलेले उपकरण द्यायला वैभवीने क्षणभर उशीर केला, तर त्यांनी हातातला चिमटा तिच्या दिशेने भिरकावला आणि सर्वांसमक्ष म्हणाले, मासळी बाजारात बसायची लायकी आहे तुझी. चिमटा खांद्याला लागला. शब्द कोठे लागला ते तिने सांगितले नाही.

जमना सिस्टरना हे कळले तेव्हा त्या म्हणाल्या, “माजी आई चाळीस वर्सं बाजारात बसली. तिच्यावर कोनी काय फेकलं नाय. त्यांना म्हनावं, बाजारात बसायला पन लायकी लागते.”

तक्रार करायची सोय नव्हती असे कोणी म्हणू नये. सोय होती. ‘तणावमुक्त कार्यस्थळ’ या विषयावर कार्यशाळा झाली होती. व्याख्याते दोन तास बोलले आणि शेवटी केळ्याचे वेफर्स वाटले गेले. पाच जणांची समिती होती. तिची नावे जिन्याशेजारच्या फलकावर होती, त्यांपैकी दोघे नोकरी सोडून गेले होते. तक्रारपेटीही होती. तिची किल्ली व्यवस्थापक हिमानी मॅडम यांच्या खणात असे आणि वर्षातून एकदा ती उघडली की आत एक लग्नपत्रिका आणि वेफर्सची रिकामी पाकिटे निघत. ज्याने आयुष्यात कधी अर्ज केला आहे त्याला एवढे कळते की अर्जाला उत्तर येत नसते, फार तर पोच मिळते, आणि तीही भांडून.

वही मात्र रोज वाचली जात होती. तिला उत्तर म्हणून ताट येत होते. हा फरक प्रथम जमना सिस्टरच्या लक्षात आला.

दोन दिवसांनी डॉक्टरांनी वैभवीला पुन्हा रडवले तेव्हा त्यांनी मोनालीला रुग्णांच्या खाली मुद्दाम तशीच ओळ लिहायला लावली. ताट आले. इंदुबाईंनी मात्र हरकत घेतली: जेवण का गेले नाही त्याचे कारण लिहीत चला, आहार त्यावर ठरतो, ताप असेल तर वेगळे, उलटी असेल तर वेगळे. मागणी रास्त होती. तेव्हापासून नोंदी सविस्तर झाल्या. ‘कुंदन, परिचर, खाट नाही. सकाळी अकरा वाजता डॉ. इंद्रजीत यांनी कॉलर धरून दाराबाहेर काढले. साक्षीदार दोन. तेव्हापासून पाणीही घेतलेले नाही.’ खाली दोन सह्या. कुंदन चाळीस वर्षांचा, मिशीवाला, दोन मुलींचा बाप. त्याच्यापुढे ताट ठेवून इंदुबाई शेजारी बसल्या तेव्हा तो म्हणाला की मावशी, लोक हसतील. हसू देत, त्या म्हणाल्या, तू चावत राहा.

स्वयंपाकघराच्या फळ्यावर आहाराचे चार रकाने होते: साधा, मऊ, पातळ, बिनसाखरेचा. इंदुबाईंनी खडूने पाचवा आखला आणि वर लिहिले, ‘बिनखाटी’. या रकान्याचा आहार ठरलेला नसे. मोनालीच्या वेळी शिरा झाला, कारण ती आईविना वाढलेली असून शिरा तिला कोणी करून घालत नाही हे कळले होते. वैभवीसाठी जमना सिस्टर घरून सुक्या बोंबलाची चटणी आणत आणि ती औषधाच्या डबीतून ताटात जाई. रुग्णालय शाकाहारी होते, पण चटणीच्या डबीवर खाटेचा क्रमांक नव्हता.

आणि एक रीत आपोआप पडली. ताट आले की ज्याला सवड असेल तो येऊन शेजारी बसे. उपदेश नाही, ‘तू त्यांना उलट का बोलली नाहीस’ हा प्रश्न नाही. लोणचे हवे का, एवढेच विचारायचे. चादरींच्या खोलीत तीन वाजता कधी कधी एवढी गर्दी होई की धोबी ओरडे. पूर्वी ज्या खोलीत माणसे एकेकटी रडायला जात, तिच्यातून हसण्याचा आवाज येऊ लागला. डॉक्टर कसे चालतात याची कुंदन नक्कल करी, तेव्हा जमना सिस्टर चादर तोंडात कोंबत. वैभवी हळूहळू सरळ उभी राहायला लागली. एका सोमवारी तिने लेखी कळवले की डॉ. इंद्रजीत यांच्या शस्त्रक्रियेला ती एकटी सहाय्यक म्हणून उभी राहणार नाही. दुसरी परिचारिका सोबत हवी.

एवढ्या साध्या मागणीचे उत्तर ‘कारणे दाखवा’ या नोटिशीने आले. अर्जाला वेळेत उत्तर मिळाल्याचे त्या रुग्णालयातले ते पहिलेच उदाहरण. डॉ. इंद्रजीत यांनी बजावले होते की ती मुलगी राहील किंवा मी राहीन. शनिवारी दुपारी रुग्णालयाचे संस्थापक डॉ. कमलाकांत यांच्या दालनात निकाल व्हायचा होता. नोकरी गेली तर अनुभवाच्या प्रमाणपत्रावर ‘शिस्तभंग’ असा शेरा बसेल, आणि तो शेरा घेऊन पालघरपासून डहाणूपर्यंत तिला कोणी दारात उभे करणार नाही, हे सर्वांना कळत होते. वैभवीने घरी काही सांगितले नव्हते. आई तिच्या गणवेशाला अजून स्वतःच्या हाताने इस्त्री करत असे.

शनिवारी दोनला ओव्हर झाली. जमना सिस्टरनी पहिलीच ओळ सांगितली: ‘वैभवी. खाट नाही. नोटिशीच्या धसक्याने जेवण नाही. सध्या मोठ्या डॉक्टरांच्या दालनात.’

पत्ता इतका स्पष्ट या वहीत क्वचितच असे. तीन वाजता इंदुबाईंनी ताट घेतले आणि जिना चढल्या. दार लोटले तेव्हा आत पाच जण होते. टेबलामागे डॉ. कमलाकांत, बाजूला हिमानी मॅडम, समोर डॉ. इंद्रजीत, कोपऱ्यात भूलतज्ज्ञ डॉ. भाग्येश, आणि भिंतीला टेकून वैभवी. खुर्च्या चारच होत्या. हिमानी मॅडम नुकत्याच सांगत होत्या की गेल्या वर्षभरात डॉक्टरांविरुद्ध एकही लेखी तक्रार कार्यालयाला प्राप्त झालेली नाही.

“मावशी, इथे मीटिंग चालू आहे,” त्या म्हणाल्या.

“चालू द्या ना, बाई. माझं ताटाचं काम हाय.”

डॉ. इंद्रजीत हसले. “आता स्वयंपाकीणही मीटिंगला बसणार?”

“मी कशाला बसू, साहेब. खुर्ची तर या पोरीला पण नाय.” इंदुबाईंनी ताट टेबलाच्या कडेवर, नोटिशीच्या कागदावर ठेवले. “वहीत नाव आलं की ताट परत नेत नाय मी. एकोणीस वर्सं झाली.”

डॉ. कमलाकांत पंचाहत्तरीचे होते आणि कामकाजाला कंटाळलेले होते, पण वही या शब्दाला ते अजून सावध होत. त्यांनी विचारले, सिस्टरच्या नावाने ताट कसे? हे कोठल्या वहीत लिहिले आहे? इंदुबाईंनी सांगितले ते खरे तेवढेच: जेवण हुकलेल्यांच्या, ओव्हरच्या. दोन मिनिटांत जमना सिस्टर वही छातीशी धरून दारात उभ्या होत्या. त्या इतक्या लवकर कशा पोचल्या, हे कोणी विचारले नाही.

डॉ. कमलाकांत यांनी चष्मा लावला. पहिले पान, दुसरे, दहावे. त्रेचाळीस दिवसांच्या नोंदी होत्या. तारीख, वेळ, शब्द, साक्षीदार, जेवण गेले की नाही. प्रत्येकीखाली दोन सह्या. आणि दर सोमवारच्या पानावर, तळाशी, लाल शाईत, ‘तपासले’ असे लिहून केलेली तिसरी सही. त्या सहीवर त्यांचे बोट थांबले.

“हिमानी, ही तुमचीच ना?”

साप्ताहिक तपासणी त्या कार्यालयात निष्ठेने होत असे. सही करायची राहिली असे कधी घडले नव्हते. वाचायचे मात्र राहून गेले होते. वर्षभरात एकही लेखी तक्रार प्राप्त न झाल्याचे आपले टिपण हिमानी मॅडमनी हळूच उलटे ठेवले.

“शस्त्रक्रियेच्या वेळी आवाज चढतोच,” डॉ. इंद्रजीत म्हणाले. “जीव वाचवायचा असतो.”

“आवाज चढतो,” डॉ. कमलाकांत म्हणाले. “चिमटा आपोआप चढत नाही, इंद्रजीत. तो फेकावा लागतो.” त्यांनी आणखी एक पान उलटले आणि थबकले. ओळ त्यांनी मोठ्याने वाचली. “‘डॉ. भाग्येश. खाट नाही. अंगावर ट्रे भिरकावला. जेवण नाही.’ भाग्येश, हे खरे आहे?”

या एका माणसाच्या उत्तरावर आता सगळे अवलंबून होते, आणि ते इंदुबाईंनाही कळले. त्यांनी पदर मुठीत धरला. परिचारिकांचे, परिचराचे म्हणणे खोटे पाडता आले असते. कुभांड म्हणता आले असते, कट म्हणता आले असते. असे म्हणण्याची कला आपल्याकडे चांगली मुरलेली आहे. भाग्येश हे डॉक्टर होते, पुरुष होते, त्याच शस्त्रक्रिया कक्षात रोज उभे राहणारे होते. आणि आतापर्यंत ते गप्प होते.

“ते ताट मी खाल्लं होतं, सर,” ते शेवटी म्हणाले. “मऊ भात होता. मावशी समोर बसून राहिल्या, काही विचारलं नाही.” त्यांनी वैभवीकडे पाहिले. “मी बोललो नाही, कारण लाज वाटली. वैभवीवर चिमटा फेकला तेव्हाही मी तिथेच होतो. वहीत लिहिलंय ते खरं आहे. सगळं.”

डॉ. कमलाकांत यांनी नोटीस ताटाखालून ओढून घेतली, तिच्यावर ‘मागे घेतली’ असे लिहिले आणि सही केली. चौकशी बाहेरच्या सदस्यांसमोर होईल, आणि ती होईपर्यंत डॉ. इंद्रजीत यांनी या रुग्णालयात शस्त्रक्रिया करू नये, असे त्यांनी शांतपणे सांगितले. रुग्ण जातील, याची आठवण डॉ. इंद्रजीत यांनी करून दिली. जातील, डॉ. कमलाकांत म्हणाले. काही दिवस खाटा रिकाम्या राहतील. मग त्यांनी उठून आपली खुर्ची वैभवीकडे सरकवली आणि विचारले की तुला दुसऱ्या कक्षात बदली हवी असेल तर सांग, आज देतो.

“नको, सर,” वैभवी म्हणाली. “मी तेच काम शिकलेय. मला तिथेच राहायचंय.”

“आधी जेव,” इंदुबाई म्हणाल्या.

मोठ्या डॉक्टरांच्या खुर्चीत बसून, मोठ्या डॉक्टरांच्या टेबलावर तिने जेवण केले. बोंबलाची चटणी पाहून डॉ. कमलाकांत यांनी नाक फेंदारले, दाराकडे एकदा पाहिले, आणि बोटावर थोडी मागून घेतली.

पुढचे सगळे तातडीने झाले असे लिहिले तर ते खोटे ठरेल. चौकशीला तीन महिने लागले. पहिल्याच आठवड्यात बदलला तो फक्त जिन्याशेजारचा फलक. पण नोंदी मान्य झाल्या, डॉ. इंद्रजीत यांचा करार संपवला गेला आणि रुग्णालयाच्या कागदांवर त्याचे खरे कारण लिहिले गेले, हेही थोडे नव्हे. ओव्हरच्या वहीत कर्मचाऱ्यांसाठी अधिकृत रकाना छापला गेला. ज्याचे नाव त्यात येईल त्याला अर्धा तास विश्रांती, सोबत एक माणूस, आणि ज्याने त्रास दिला त्याच्याबरोबर दुसऱ्या दिवशी एकट्याने काम नाही. रकान्याला कार्यालयाने ‘कर्मचारी कल्याण नोंद’ असे नाव दिले. ते नाव कोणी एकदाही उच्चारले नाही. आज बिनखाटी किती, असेच विचारतात, आणि बहुतेक दिवशी उत्तर येते, एकही नाही. तरीही इंदुबाई एक वाटी शिरा जास्त करतात. तो उरला असे अजून झालेले नाही.

नवीन शल्यविशारद आल्या, डॉ. दीपा. त्यांच्या पहिल्या मोठ्या शस्त्रक्रियेच्या सकाळी इंदुबाईंना उगाचच वरच्या मजल्यावर काम निघाले. शस्त्रक्रिया कक्षाच्या बंद दारापाशी त्या चहाची किटली घेऊन उभ्या राहिल्या. जखम शिवण्याआधी आत वापरलेले कापसाचे बोळे मोजले जातात, मोठ्याने, म्हणजे एखादा पोटात राहू नये. आणि ती मोजणी पुरी झाल्याखेरीज शल्यविशारदालाही पुढे जाता येत नाही, हे जमना सिस्टरनी त्यांना सांगून ठेवले होते. दाराआडून आवाज येत होता. सतरा. अठरा. मध्येच कोणीतरी काही बोलले, तेव्हा तो आवाज म्हणाला, “मॅडम, थांबा, माझं मोजून होऊ द्या,” आणि आतले सगळे थांबले. एकोणीस. वीस.

“वीसच्या वीस बरोबर,” वैभवी म्हणाली. “शिवायला घ्या.”

इंदुबाईंनी किटली दुसऱ्या हातात घेतली आणि दूध उतू जाईल म्हणून त्या घाईने खाली निघाल्या.